माळाला कोरडी, मळीला खारट

हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला रेयुनियाँ नावाचं छोटं ज्वालामुखी बेट आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही वरचेवर लाव्हा ओकतो. या बेटाच्या खाली खोलवर जो उष्णबिंदू आहे, त्याच्यावरून सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपला भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत होता. त्या काळात लाव्हाचे जे लोंढे वाहिले, त्यांचा थिजून झालेला खडक म्हणजे दख्खनचा काळा फत्तर, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भूखंड पुढे गेला. मागे लक्षद्वीप, मालदीव, छागोस अशी रांग उरली, मग ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आलं आणि सगळ्यांत शेवटी रेयुनियाँ. म्हणजे मॉरिशसमध्ये बोअर मारणाऱ्याच्या हाती येणारा दगडाचा चुरा आणि सदलग्याच्या विहिरीतून सुरुंग लावून काढलेला दगड हे एकाच घराण्यातले आहेत. वयात मात्र कोट्यवधी वर्षांचं अंतर आहे, आणि त्या अंतरानं पाण्याच्या बाबतीत मोठा फरक पडतो.

सदलगा हे बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी तालुक्यातलं दूधगंगेकाठचं गाव. जैन आचार्य विद्यासागर यांचा जन्म इथला, १९४६ चा. नदीपलीकडे महाराष्ट्र, शिरोळ तालुका. दूधगंगा राधानगरीच्या डोंगरातून येते. काळम्मावाडीला तिच्यावर सुमारे २५ टीएमसीचं धरण आहे. वाटेत वेदगंगेला पोटात घेऊन ती सदलग्याजवळून जाते आणि पुढे कृष्णेला मिळते. उगमाकडे पावसाचा मारा, इथे मात्र वर्षाला ६००-७०० मिलिमीटरच्या घरातला पाऊस. नदीकाठच्या मळीत ऊस, वर माळाला ज्वारी, सोयाबीन, भुईमूग, निपाणीच्या बाजूला तंबाखू. नदीवर उपसा योजनांच्या मोटारी एकामागोमाग एक बसलेल्या. कुणीही पाहिलं तर म्हणेल, या गावाला पाण्याची काय चिंता?

चिंता आहे, आणि ती दोन तोंडांची आहे. माळावरच्या विहिरी एप्रिलमध्ये तळ दाखवतात. मळीतल्या विहिरी तुडुंब असतात, पण त्यांचं पाणी जिभेला खारट लागतं आणि रानात पांढरं मीठ फुटतं. एकाच शिवारात, तीन-चार किलोमीटरच्या आत हे दोन्ही प्रकार पाहायला मिळतात. हे कोडं नुसत्या 'पाणी किती?' या प्रश्नानं सुटत नाही. 'किती' आणि 'कसं' हे दोन प्रश्न एकत्र विचारावे लागतात, आणि हीच सवय छोट्या ज्वालामुखी बेटांवरच्या लोकांनी नाइलाजानं का होईना, लावून घेतली आहे.

मॉरिशसचं मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचं. आपला बेळगाव जिल्हा त्याच्या सातपट. १८३४ पासून तिथल्या उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारावर मजूर नेले गेले, त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांच्या वंशजांनी तिथे मराठी आजवर टिकवली आहे. त्या बेटाला बाहेरून येणारी नदी नाही. शेजारच्या राज्यात धरण नाही. वरून पडेल तेवढंच पाणी. मधल्या पठारावर वर्षाला ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस, पश्चिम किनाऱ्यावर १,००० मिलिमीटरपेक्षाही कमी. पिण्याच्या पाण्यातलं निम्म्याच्या आसपास पाणी जमिनीखालून येतं. तिथला तरुण लाव्हा इतका भेगाळलेला आणि पोकळ आहे, की पाऊस पडला की पाणी झपाट्यानं खाली उतरतं आणि बरंचसं किनाऱ्याजवळच्या झऱ्यांतून समुद्रात निघून जातं.

बेटावर आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे खालून टेकलेला समुद्र. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलकं असल्यामुळे ते खडकात खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. डच अभियंता बॅडन गायबेन आणि जर्मन अभियंता हर्झबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला याचं गणित मांडलं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा १ मीटर वर असेल, तर त्याखाली साधारण ४० मीटर गोडं पाणी असतं. हे ऐकायला फार आनंदाचं वाटतं. पण त्याचा अर्थ उलटाही लावावा लागतो: उपशानं पातळी १ मीटर खाली गेली, की आतून खारं पाणी ४० मीटर वर सरकायला मोकळं होतं. म्हणून बेटावरचा भूजल अभ्यासक पातळी मोजताना क्षारही मोजतोच. एक आकडा दुसऱ्याशिवाय त्याच्या काही कामाचा नसतो.

सदलग्याला समुद्र नाही. तरीही मोजण्याची रीत तीच लागते.

आधी खडक बघू. या भागातली माळावरची विहीर उन्हाळ्यात उतरून पाहावी, सगळा इतिहास तिच्या भिंतीवर असतो. वर हात-दोन हात काळी माती, तिच्या बुडाशी चुनखडीचे पांढरे खडे. मग पिवळसर मुरूम, कुदळीनं सुटणारा. त्याखाली मांजऱ्या दगड: राखाडी, भोकाभोकाचा, भोकांत पांढरे-हिरवट खडे भरलेले. लाव्हा थिजताना त्यातले वायू वर येतात, त्यांचे बुडबुडे अडकून ही भोकं होतात. त्याच्या खाली काळा पाषाण, पहारेला दाद न देणारा, मध्येच उभ्या चिरा गेलेला. आणि काही विहिरींत या पाषाणाच्या खाली पुन्हा विटेसारखा लाल पट्टा दिसतो. एक लोंढा थंड होऊन त्यावर माती तयार व्हायला जो काळ गेला, त्याची ती खूण. मग पुढच्या लोंढ्यानं ती माती भाजून काढली. भाकऱ्यांची चवड रचावी तसे हे थर एकावर एक पडले आहेत. घाटाकडे ही चवड एक किलोमीटरच्या आसपास जाड आहे, किल्लारीच्या बोअरमध्ये ती ३३८ मीटर भरली, आणि दक्षिणेकडे बेळगाव ओलांडता ओलांडता संपतच येते. गोकाकचा धबधबा कोसळतो तो या दगडावरून नव्हे, तर याहून कितीतरी जुन्या वाळूखडकावरून.

आता पाणी कुठून येतं ते नीट पाहिलं, तर काळा पाषाण स्वतः कोरडा असतो. ओल दिसते ती मुरुमाच्या बुडाशी, मांजऱ्यात, पाषाणाच्या चिरांत आणि दोन थरांच्या सांध्यावर. पुणे विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ एस. बी. देवळाणकर यांनी १९८० साली दख्खनच्या बेसाल्टच्या पाणी धरण्याच्या ताकदीवर शोधनिबंध लिहिला आणि हे थर वेगवेगळे करून मोजले. पुढे पुण्याच्या 'ॲक्वाडॅम' या संस्थेनं, डॉ. हिमांशू कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गावोगावच्या लोकांना बरोबर घेऊन असे नकाशे काढण्याची पद्धत रुजवली. या सगळ्या कामाचा मथितार्थ माझ्या मते असा: दख्खनमध्ये जमिनीखाली अथांग तळं नाही. छोटे छोटे, तुटक, काही हेक्टरांचे किंवा फार तर काही चौरस किलोमीटरचे पाण्याचे साठे आहेत. प्रत्येक साठा हे एक बेट आहे. त्याच्या हद्दी नाल्यानं आणि थरांनी ठरतात. सात-बाराच्या उताऱ्याशी त्यांचा काही संबंध नाही.

म्हणूनच शेजाऱ्यानं बोअर मारली आणि आपल्या विहिरीचं पाणी तुटलं, हा अनुभव या भागात सर्रास ऐकू येतो. बोअर खोलवरच्या सांध्यापर्यंत जाते, पण तिला लागलेलं पाणी पुष्कळदा वरच्याच साठ्यातलं असतं. पाणाड्याला बोलावून जागा ठरवणारे अजूनही बरेच आहेत. मुरूम चांगला असेल तर त्या शिवारात कुठेही खणलं तरी थोडंफार पाणी लागतंच, त्यामुळे त्याचा शब्द खरा झाल्यासारखा वाटतो. खरा प्रश्न पाणी कुठे लागेल हा नाहीच. ते किती आहे आणि किती दिवस पुरेल, हे विचारायला हवं, आणि त्याचं उत्तर काठी किंवा नारळ देऊ शकत नाही.

उत्तर मोजून मिळतं. रीत फार सोपी आहे. पोलादी टेपच्या टोकाकडच्या दोन-तीन मीटरला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायची, काठावरची खूण एखाद्या पूर्ण आकड्यावर धरायची आणि वर ओढायची. जिथवर खडू भिजून काळा पडला असेल तो आकडा वजा केला, की पाणी किती खाली आहे ते सेंटिमीटरपर्यंत कळतं. मोटार चालू असताना मोजून उपयोग नाही. ती बंद करून रात्र जाऊ द्यायची, सकाळी मोजायचं. पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतं, पण त्या विहिरी विरळ आहेत. ज्या माळाचा प्रश्न आहे, त्या माळावर त्यांतली एखादी असेलच असं नाही.

समजा, माळावरच्या १ चौरस किलोमीटरमध्ये पावसाळ्यानंतर पातळी सरासरी ३ मीटर वर आली. वाटतं, केवढं पाणी! पण खडकाचं सगळं अंग पाणी नसतं. शासनाच्या भूजल अंदाज समितीनं झिजलेल्या, सच्छिद्र बेसाल्टसाठी जो आकडा सुचवला आहे तो आहे २ टक्के. शंभर घनमीटर खडक निथळला तर दोन घनमीटर पाणी हाती येतं. नदीच्या वाळूसाठी हाच आकडा १६ टक्के आहे. म्हणजे आपल्या त्या चौरस किलोमीटरमध्ये जमा झालं ६०,००० घनमीटर. आता पाटानं पाणी दिलेल्या उसाला पाऊस धरून वर्षाला दोन मीटर उंचीचं पाणी लागतं. पावसाचा उपयोगी अर्धा मीटर सोडला तरी दीड मीटर उरतं, हेक्टरी १५,००० घनमीटर. भागाकार केला तर १०० हेक्टर रानाखालचं सगळं पाणी ४ हेक्टर उसाला, म्हणजे दहा एकराला पुरतं. त्यातलंही काही पाणी आपोआप नाल्याकडे निघून जातं, ते वेगळंच. तेवढंच पाणी माणशी ५५ लिटर रोज या हिशेबानं पिण्याला आणि घरखर्चाला दिलं, तर ३,००० माणसांचं वर्ष निघतं.

हा गुणाकार-भागाकार चौथीतलं पोर करू शकतं, आणि तरीही माळावर विहीर काढताना कर्ज देणारा, घेणारा, दोघांपैकी कुणीही तो करत नाही. माळावरचा ऊस हा भूजलाच्या जोरावर उभा राहूच शकत नाही. नदीचं पाणी वर चढवलं तरच तो येतो. यात मला शंका वाटत नाही.

आणि नदीचं पाणी वर चढवल्यावर काय होतं, ते मळीत दिसतं.

बेसाल्टमधलं पाणी मुळात वाईट नाही. खडकातली खनिजं हळूहळू विरघळतात आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट पाण्यात येतं. त्यामुळे पाणी जड होतं. डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही, बंबात आणि पातेल्यात पांढरा थर धरतो. पण ते पिण्याजोगं असतं. मॉरिशसचं, रेयुनियाँचं पाणीही याच जातीचं. कर्नाटकाच्या पूर्वेकडच्या ग्रॅनाइटच्या जिल्ह्यांत फ्लोराइडचा जो जाच आहे, तो या काळ्या दगडात सहसा नाही, ही आपली मोठी जमेची बाजू.

बिघाड वरून येतो. उपशाच्या पाण्यात लिटरमागे फक्त ३०० मिलिग्रॅम क्षार धरा. हे पाणी कुणीही गोडंच म्हणेल. वर्षाला हेक्टरी १५,००० घनमीटर पाणी दिलं, तर त्याबरोबर साडेचार टन क्षार रानात उतरतात. ऊस पाणी पितो, क्षार मागे ठेवतो. जमिनीचा निचरा चांगला असेल तर पाऊस ते धुऊन नेतो. मळीतली काळी माती मात्र चिकणमातीची, खोल, ओली झाली की फुगून तोंड मिटणारी. पाणी खाली जात नाही, साठून पातळी वर येते. भूजल जमिनीपासून २ मीटरच्या आत आलं की शासकीय व्याख्येनुसार ती जमीन पाणथळ. तिथून उन्हाच्या ओढीनं पाणी मातीच्या बारीक नळ्यांतून वर चढतं, वाफ होऊन जातं आणि मीठ पृष्ठभागावर राहतं. सकाळच्या उन्हात अशा रानात गेलं तर ढेकळांच्या कडांवर पिठासारखा पांढरा लेप दिसतो, बोटानं उचलता येतो, जिभेला लावला तर चरचरतो. उसाची पानं कडेनं करपलेली, फुटवा नाही, मध्येच मोकळे डाग. कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा यांच्या काठी, सीमेच्या दोन्ही अंगांना, हा रोग पसरलेला आहे.

शिरोळच्या दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकारानं तिकडे शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सच्छिद्र पाइपच्या निचरा योजना केल्या. गाळणीचं कापड गुंडाळलेले पाइप मीटरभर खोल गाडायचे, उताराला मोठ्या पाइपला जोडायचे, सगळं नाल्यात काढायचं. पडीक झालेली रानं पुन्हा पिकाखाली आली. फार मोलाचं काम आहे हे, आणि सदलग्याच्या मळीला ते हवंच आहे. पण निचऱ्याच्या पाइपमधून बाहेर पडणारं पाणी खारं असतं, ते ओढ्यानं नदीत जातं आणि खालच्या गावाच्या जॅकवेलला लागतं. तोही आकडा वहीत यायला हवा.

क्षार मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. पेनाएवढा विद्युतवाहकता मापक मिळतो. पाण्यात क्षार जितके जास्त, तितकी त्यातून वीज सहज जाते. त्याचा आकडा, मायक्रोसिमेन्समधला, ढोबळमानानं ०.६४ नं गुणला की लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार ते कळतं. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यायचं. शेतीला वाहकता २,२५० च्या वर गेली की काळ्या रानात ते पाणी देऊच नये.

नायट्रेटची गोष्ट निराळी. त्याला चव नाही, वास नाही, रंग नाही. उसाला एकरी पोत्यांच्या हिशेबानं टाकलेला युरिया, गोठ्यामागचा उकिरडा, शोषखड्डा यांतून तो विहिरीत उतरतो. मर्यादा ४५ मिलिग्रॅम, आणि तिला कुठलीही सवलत नाही, कारण तान्ह्या बाळाच्या रक्तातली प्राणवायू वाहण्याची शक्तीच तो कमी करतो. पाणी उकळलं तर नायट्रेट जात नाही, उलट आटून दाट होतं. आयाबायांना हे कुणी तरी स्पष्ट सांगायला हवं. पुराच्या वर्षी, २०१९ ला आणि २०२१ ला झालं तसं, नदी विहिरींच्या काठांवरून आत शिरते तेव्हा जंतूंचा प्रश्न सगळ्यांत आधी येतो. त्या वेळी विहीर उपसून, ब्लीचिंग पावडर टाकून, तपासणीची बाटली काळी पडते का हे पाहिल्याशिवाय पाणी पिऊ नये.

आता सीमेचं बोलायला हवं. दूधगंगेचं पाणी दोन राज्यांत थेंबाथेंबानं वाटलेलं आहे. इचलकरंजी शहराला सुळकूड गावाजवळून या नदीचं पाणी न्यायचं म्हटल्यावर दोन्ही राज्यांतल्या नदीकाठच्या गावांनी विरोध केला, तो लोकांना आठवत असेल. पण जमिनीखालचं पाणी? कृष्णा पाणी तंटा लवादानं, म्हणजे बच्छावत लवादानं, १९७६ च्या अंतिम निवाड्यात स्वच्छ लिहिलं की प्रत्येक राज्य आपल्या हद्दीतलं भूजल वापरायला मोकळं आहे आणि तो वापर कृष्णेच्या पाण्याचा वापर म्हणून धरला जाणार नाही. काठापासून शंभर फुटांवरच्या विहिरीत नदीचंच पाणी पाझरत असतं. कागदावर मात्र ते वेगळं. शिवाय महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पाणलोटांच्या हद्दीनं हिशेब मांडते, कर्नाटकात आकडा निघतो तालुक्याचा. चिकोडी तालुक्याच्या एका आकड्यात सदलग्याची तुडुंब खारी मळी आणि कोरडा माळ एकत्र मिसळले जातात, आणि सरासरी दोघांचंही खरं सांगत नाही. उपसा भरण्याच्या ७० टक्क्यांच्या आत असला की तालुका 'सुरक्षित' ठरतो. मळीतल्या पाण्याची पातळी वर आहे म्हणून तो सुरक्षित दिसू शकतो आणि तेच पाणी पिण्याच्या कामाचं नसतं, हे या वर्गवारीत बसत नाही.

दोन राज्यांनी एक वही ठेवावी अशी वाट बघत बसण्यात अर्थ नाही. ती वही गावात सुरू होऊ शकते. सदलगा, बोरगाव, पलीकडचं दत्तवाड, कुठलंही गाव घ्या. माळावरच्या दहा आणि मळीतल्या दहा विहिरी निवडाव्यात, त्यांच्या काठावर रंगानं खूण करावी. मेच्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या अखेरीस, मोटारी बंद ठेवून, खडू लावलेल्या टेपनं पातळी आणि मापकानं वाहकता घ्यावी. शाळेतली आठवी-नववीची मुलं हे काम उत्तम करतात. वर्षातून एकदा नायट्रेटसाठी नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत पाठवावा. पातळी आणि क्षार एकाच ओळीत लिहावेत आणि ती यादी चावडीवर, सोसायटीत, दूध डेअरीच्या भिंतीवर लावावी. आपल्या विहिरीचं नाव त्या यादीत आहे का, हे वाचकानं येत्या मे महिन्यात पाहावं, आणि नसेल तर टेप घेऊन स्वतःपासून सुरुवात करावी.